उक्ते काम की नोकरी? : कराराची भाषा आणि सल्ल्याचे मोल

१. प्रश्नाचे स्वरूप

काम देण्याच्या निरनिराळ्या रीतींना मराठीत जुनी व नेमकी नावे आहेत. मलकापूर-शाहूवाडीच्या परिसरात घर बांधणारा मनुष्य गवंड्याला काम ‘उक्ते’ देतो, तेव्हा त्याला किती दिवस लागले, हाताखाली कोण होते, ह्याची विचारपूस तो करीत नाही. ठरलेल्या रकमेत भिंत उभी राहिली म्हणजे झाले. तोच गवंडी ‘रोजाने’ आला, तर तो सकाळी किती वाजता आला आणि दुपारी किती वेळ बसला, ह्याकडे घरधन्याचे लक्ष असते. सालगड्याची गोष्ट आणखी निराळी. त्याचे काम ठरलेले नसते, वर्ष ठरलेले असते. धनी सांगेल ते काम त्याने करावयाचे. ‘अंगावर काम घेणे’ ह्या वाक्प्रचारात तर हा भेद एका शब्दात आला आहे. काम अंगावर घेणारा त्यातील नफ्याबरोबर तोटाही अंगावर घेतो.

आधुनिक कायद्याने हाच भेद ‘सेवेचा करार’ आणि ‘सेवेसाठी करार’ ह्या दोन संज्ञांनी मांडला आहे. पहिल्यात मनुष्य नोकर असतो, दुसऱ्यात तो स्वतंत्र व्यावसायिक असतो. ह्या दोन संज्ञांत अंतर एका प्रत्ययाचे. परंतु आयकर, वस्तू व सेवा कर, भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा ह्या सर्वांचा निर्णय त्या अंतरावर होतो. गंमत अशी की, मराठीत ह्या दोन पक्षांची रूढ नावे ‘पगार’ आणि ‘कंत्राट’ ही दोन्ही पोर्तुगीजांकडून आलेली आहेत. एकाच भाषेतून आलेले हे शब्द आज कराच्या विवरणपत्रात परस्परविरुद्ध रकान्यांत बसतात.

आज पदव्युत्तर शिक्षण संपविणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे हा भेद प्रत्यक्ष उभा राहतो. अनुवाद, कोशकार्य, भाषिक सामग्रीचे संकलन व अंकन, संगणकप्रणालींची चाचणी अशी कामे मलकापुरात बसून पुण्याच्या किंवा परदेशातील संस्थेसाठी करता येतात. त्यांचे करारपत्र बहुधा इंग्रजीत असते व त्यात काम घेणाऱ्यास ‘स्वतंत्र कंत्राटदार’ म्हटलेले असते. अशा वेळी वकिलाला किंवा सनदी लेखापालाला पैसे देऊन हे करारपत्र तपासून घ्यावे काय, हा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घ्यावयाचा आहे. करारपत्र हा भाषिक दस्तऐवज असल्यामुळे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला ह्यात काही सांगण्यासारखे आहे, असे वाटते.

२. न्यायालये काय वाचतात

करारपत्रातील नाव न्यायालय अंतिम मानीत नाही, ही पहिली गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. १९५६ साली धरंगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे मिठागरात काम करणाऱ्या अगरियांचा प्रश्न आला. त्यांना मोबदला मिठाच्या वजनावर मिळे. मदतीला स्वतःचे मजूर लावण्याची त्यांना मोकळीक होती. तरीही ते कामगारच होत, असा निर्णय झाला. काय करावयाचे एवढेच नव्हे, तर ते कसे करावयाचे, हे सांगण्याचा अधिकार मालकाकडे आहे काय, ही कसोटी त्या निकालाने पुढे ठेवली.

ही कसोटी वापरणे किती अवघड आहे, हे विडी कारखान्यांच्या दोन खटल्यांवरून दिसते. १९६१ च्या निकालसंग्रहात आलेल्या नागपूरच्या खटल्यात, कारखान्यात येण्याजाण्याची बरीच मोकळीक असलेले व नगावर पैसे घेणारे विडीकामगार हे कायद्याने कामगार ठरले. विड्या पसंत न पडल्यास त्या नाकारण्याचा मालकाचा अधिकार तेथे महत्त्वाचा मानला गेला. १९६२ च्या निकालसंग्रहातील महाराष्ट्राच्याच दुसऱ्या खटल्यात मात्र न्यायमूर्तींत मतभेद झाला, व कामावर येण्याचे बंधन नसलेला विडीकामगार कारखाना कायद्याखाली कामगार नव्हे, असे बहुमताने ठरले. परिणामी रजेच्या वेतनाचा हक्क त्याला मिळाला नाही. ह्या क्षेत्रासाठी पुढे १९६६ साली स्वतंत्र कायदा झाला आणि घरी बसून विड्या वळणाऱ्यांनाही त्याच्या व्याख्येत जागा मिळाली.

१९७३ साली सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, केवळ नियंत्रण हीच कसोटी पुरेशी नाही. शिलाईयंत्र कोणाचे, काम परत करण्याचा अधिकार कोणाला, ह्यांसारख्या अनेक खुणा एकत्र तोलून पाहाव्या लागतात. नगावर पैसे घेणारे शिंपी त्या खटल्यात नोकर ठरले.

करापुरते पाहावयाचे तर आपल्या जवळचे उदाहरण पुण्याचे आहे. रुबी हॉल क्लिनिक चालविणाऱ्या ग्रँट मेडिकल फाउंडेशनच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली निर्णय दिला. काही डॉक्टरांना रुग्णालयाकडून ठरावीक किंवा हमीची रक्कम मिळत असल्याने ते नोकर आहेत, म्हणून त्यांच्या मोबदल्यातून वेतनाच्या कलमाखाली करकपात व्हावयास हवी होती, असा आयकर खात्याचा दावा होता. रुग्णालयाने कपात व्यावसायिक शुल्काच्या कलमाखाली केली होती. न्यायालयाने रुग्णालयाचा पक्ष ग्राह्य धरला. एखादी अट सुटी काढून तिच्यावर निष्कर्ष उभारता येत नाही, करार समग्र वाचला पाहिजे, हा त्या निर्णयाचा आपल्या दृष्टीने सारांश होय.

२०२० साली सर्वोच्च न्यायालयाने नवसारीच्या एका नेत्ररुग्णालयातील शल्यविशारदाचा प्रश्न सोडविताना आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. ते डॉक्टर रुग्णालयाच्या वाहनात असताना १९९७ साली झालेल्या अपघातात मरण पावले होते. ते नोकर असते तर विमा कंपनीची जबाबदारी मर्यादित झाली असती. न्यायालयाने त्यांना स्वतंत्र व्यावसायिक मानले आणि सर्व प्रसंगी चालेल अशी एकच जादूची कसोटी नाही, हे सांगितले. प्रश्न कोणत्या कायद्याच्या संदर्भात उपस्थित झाला आहे, ह्यालाही महत्त्व असते. अर्थ संदर्भाने ठरतो, हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला नवीन नाही.

३. दोन प्रकारची वाक्ये

आता करारपत्राच्या भाषेकडे वळू. त्यातील वाक्ये स्थूलमानाने दोन प्रकारची असतात. काही वाक्ये उच्चारली किंवा लिहिली गेल्यानेच एखादी गोष्ट अस्तित्वात आणतात. ‘करार एक महिन्याच्या पूर्वसूचनेने संपविता येईल’, ‘केलेल्या अनुवादाचा स्वामित्वहक्क कंपनीकडे राहील’, ‘कर अधिकाऱ्यांनी आकारलेल्या रकमेची भरपाई कंत्राटदार करील’ ही अशी वाक्ये आहेत. सही होताच हक्क व जबाबदाऱ्या निर्माण होतात. जे. एल. ऑस्टिन ह्यांनी ज्यांना कृतिरूप उक्ती मानले, त्यांचीच ही कायदेशीर भावंडे.

दुसरी वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करण्याचा आव आणतात. ‘उभयपक्षांत मालक-नोकर संबंध नाही’, ‘कंत्राटदार आपल्या कामाची पद्धत स्वतः ठरवितो’ ही त्यांची उदाहरणे. त्यांचे व्याकरण पहिल्या वाक्यांसारखेच असते, म्हणून वाचकाची फसगत होते. परंतु त्यांची सत्यता कागदावर ठरत नसून रोजच्या व्यवहारात ठरते. सकाळी नऊला हजेरी, दर तासाचा हिशेब, रजेसाठी अर्ज, कंपनीचे यंत्र, दुसऱ्या कोणाचे काम घेण्यास बंदी हा व्यवहार असेल, तर दुसऱ्या प्रकारचे वाक्य दहा वेळा लिहूनही खरे होत नाही. सालगड्याला कागदोपत्री गवंडी म्हटल्याने तो उक्ते काम करू लागत नाही.

ह्या दोहोंच्या सीमेवर शक्यतादर्शक क्रियापदे असतात आणि तीच सर्वांत धूर्त होत. ‘कंपनी कामाच्या पद्धतीविषयी वेळोवेळी सूचना देऊ शकेल’ ह्या वाक्यातील ‘शकेल’ पाहा. कंपनीने एकदाही सूचना दिली नाही, तरी अधिकार निर्माण झालेला आहे. आणि न्यायालये अधिकाराचा वापर पाहतात तसेच त्याचे अस्तित्वही पाहतात. इंग्रजी मसुद्यात ‘मे’ आणि ‘शॅल’ ह्या दोन सहायक क्रियापदांनी हा भेद दाखविला जातो. आपला विद्यार्थी त्यांवरून सहज पुढे जातो, कारण शालेय इंग्रजीत ‘शॅल’ त्याला केवळ भविष्यकाळाचे चिन्ह म्हणून भेटलेले असते. करारात ते बंधनाचे चिन्ह असते.

ह्यावरून तपासणीच्या मोलाविषयी पहिला निष्कर्ष निघतो. तपासनीस पहिल्या प्रकारची वाक्ये दुरुस्त करून देऊ शकतो. दुसऱ्या प्रकारच्या वाक्यांबाबत तो काही करू शकत असेल, तर व्यवहार व कागद ह्यांत तफावत कोठे आहे, एवढे दाखवू शकतो. आणि तेही आपण त्याला व्यवहार सांगितला तर. केवळ करारपत्र वाचून ‘तुम्ही नोकर नाही’ असे प्रमाणपत्र देणाऱ्याला पैसे देणे म्हणजे पत्रिका पाहून प्रकृतीचे निदान करून घेण्यासारखे आहे.

४. पणाला काय लागले आहे

सल्ल्याची फी द्यावी की नाही, हे पणाला लागलेल्या रकमेवर अवलंबून आहे. तेव्हा थोडे गणित करू. २०२५-२६ ह्या वित्तवर्षाच्या नव्या करप्रणालीचे दर धरले आहेत.

एखाद्या अनुवादकाला वर्षाला ८ लाख रुपये मिळतात, व दुसरे उत्पन्न नाही, असे समजा. ही रक्कम वेतन मानली तरी १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर मिळणाऱ्या सुटीमुळे कर शून्य. व्यावसायिक उत्पन्न मानली तरी शून्यच. देणाऱ्याने व्यावसायिक शुल्क म्हणून शेकडा १० प्रमाणे ८०,००० रुपये उगमस्थानी कापून घेतले असतील, तर विवरणपत्र भरून ते परत मिळविता येतात. अशा मनुष्याने केवळ आयकराच्या भीतीने तपासणीवर पैसे खर्च करण्याचे कारण नाही.

आता माहिती-तंत्रज्ञानातील एक सल्लागार घ्या, ज्याला वर्षाला २४ लाख मिळतात. हे वेतन असेल तर ७५,००० ची प्रमाण वजावट जाऊन २३,२५,००० वर कर बसतो. उपकरासह तो २,९२,५०० रुपये होतो. तोच मनुष्य व्यावसायिक असेल, व विनिर्दिष्ट व्यवसायांसाठी असलेल्या अनुमानित कराच्या तरतुदीप्रमाणे एकूण प्राप्तीच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवील, तर करपात्र उत्पन्न १२ लाख राहते आणि कर शून्य होतो. दर तेच राहिले असे धरल्यास तीन वर्षांत हा फरक ८,७७,५०० रुपयांचा होतो, आणि नंतर नोकर ठरल्यास त्यावरील व्याज निराळे. शिवाय सेवांची उलाढाल महाराष्ट्रात २० लाखांवर गेली की वस्तू व सेवा कराची नोंदणी लागते; नोकराने मालकाला दिलेली सेवा मात्र त्या कराच्या कक्षेबाहेर असते. येथे जाणकाराच्या सल्ल्यासाठी फी देणे हा शहाणपणाचा खर्च होय.

१९६१ च्या आयकर कायद्याऐवजी २०२५ साली संमत झालेला नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून अमलात आणण्याचे ठरले. कलमांचे क्रमांक त्यात बदलले. वेतन आणि व्यवसायाचे उत्पन्न हा भेद बदललेला नाही.

५. धोका कोणाच्या अंगावर

रकमेइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न असा की, चूक ठरल्यास प्रथम कोणाला धरले जाते? ह्या बाबतीत ब्रिटनची तुलना उद्बोधक आहे; तेथे कंत्राटावर काम करणाऱ्या मराठी अभियंत्यांना हा विषय परिचित असेल. ९ मार्च १९९९ च्या सरकारी पत्रकाच्या क्रमांकावरून ‘आयआर ३५’ ह्या नावाने ओळखले जाणारे नियम तेथे एप्रिल २००० पासून लागू झाले. स्वतःच्या छोट्या कंपनीमार्फत नोकरासारखे काम करणाऱ्यांवर नोकरासारखाच कर बसावा, हा त्यांचा हेतू. निर्णय चुकल्यास भार त्या छोट्या कंपनीवर, म्हणजे व्यवहारतः काम करणाऱ्यावरच येई. साहजिकच पैसे घेऊन करारपत्रे तपासून देण्याचा धंदा तेथे वाढला. पुढे २०१७ पासून सार्वजनिक संस्थांच्या आणि २०२१ पासून मध्यम व मोठ्या खासगी संस्थांच्या बाबतीत निर्णय करण्याची जबाबदारी काम देणाऱ्यावर टाकण्यात आली. लहान खासगी ग्राहकांच्या बाबतीत मात्र जुनीच व्यवस्था राहिली.

भारतात उगमस्थानी कपात करण्याचे कर्तव्य प्रथमपासून देणाऱ्याचे आहे. कमी कपात केल्यास कसूरदार तो ठरतो. म्हणूनच पुण्याच्या प्रकरणात खात्याने रुग्णालयाला धरले होते, डॉक्टरांना नव्हे. तेव्हा न्यायाने पाहिले तर तपासणीचा खर्च काम देणाऱ्या संस्थेने करावयास हवा. परंतु अनेक करारपत्रांत भरपाईचे एक कलम घातलेले असते. कर किंवा भविष्यनिर्वाह निधीच्या अधिकाऱ्यांनी हा संबंध नोकरीचा ठरविल्यास संस्थेला बसणारा सर्व भुर्दंड कंत्राटदाराने सोसावा, असा त्याचा आशय असतो. कायद्याने देणाऱ्याच्या अंगावर टाकलेला धोका ह्या एका वाक्याने घेणाऱ्याकडे सरकविण्याचा प्रयत्न होतो. हे वाक्य पहिल्या प्रकारचे आहे हे विसरू नये. वर उल्लेखिलेल्या ८ लाखांच्या अनुवादकालादेखील, असे कलम दिसताच सल्लागाराकडे जाण्यास सबळ कारण मिळते. त्याचा स्वतःचा कर शून्य असला, तरी भरपाईची रक्कम शून्य नसते.

६. प्रश्नाची दुसरी बाजू

येथवरच्या चर्चेत आपण असे गृहीत धरले की, काम करणाऱ्याला स्वतंत्र ठरणेच हिताचे आहे. विडीकामगारांच्या खटल्यांनी ह्या गृहीताला आधीच तडा दिला आहे. तेथे कामगारांचे हित नोकर ठरण्यातच होते. ज्याचे उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत आहे, त्याला स्वतंत्र ठरून करात मिळण्यासारखे काही नाही. गमावण्यासारखे मात्र पुष्कळ आहे. भविष्यनिर्वाह निधीत मालकाचा वाटा, उपदान, भरपगारी रजा, प्रसूतीची रजा हे सर्व नोकर ह्या नावाला चिकटलेले आहे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने ‘गिग कामगार’ अशी संज्ञा कायद्यात आणली. तिची व्याख्या पाहावी : पारंपरिक मालक-नोकर संबंधाच्या बाहेर राहून काम करणारा व त्यातून कमावणारा. तो कशाच्या बाहेर आहे एवढेच ही व्याख्या सांगते. नकाराने केलेल्या व्याख्येत हक्क भरणे अवघड असते, एवढे ह्यावरून विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे.

महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या आपल्या सहाध्यायांची स्थिती आठवली, म्हणजे हा प्रश्न किती जवळचा आहे हे कळते. वेळापत्रक संस्थेचे, अभ्यासक्रम विद्यापीठाचे, हजेरी प्राचार्यांकडे. मोबदला मात्र तासागणिक. मराठीत सांगावयाचे तर काम रोजाचे आणि हिशेब उक्त्याचा.

तेव्हा सल्लागाराकडे जाणाऱ्याने ‘मी नोकर ठरणार नाही ना?’ एवढेच विचारू नये. ‘मला नोकर न म्हणून माझे काय राखून ठेवले जात आहे?’ हेही विचारावे. दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच व्यवहारातून निघतात, पण दुसरा प्रश्न विचारल्यावाचून त्याचे उत्तर कोणी देत नाही.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही व्यावहारिक सूत्रे मांडता येतात. पहिले असे की, तपासणी सहीपूर्वी करावी. सही झाल्यावर पहिल्या प्रकारची वाक्ये बदलता येत नाहीत, आणि फी देऊन केवळ चिंता विकत मिळते. दुसरे, अटी मुळीच बदलणार नाहीत असे संस्थेने सांगितले असेल व रक्कम लहान असेल, तर करारपत्र स्वतः दोनदा वाचावे, भरपाई, स्पर्धाबंदी, मुदत व समाप्ती ही चार कलमे वेगळी काढावीत, आणि ती पटत नसल्यास काम नाकारावे. सल्लागाराची फी वाचेल. तिसरे, एकाच संस्थेचे काम दीर्घकाळ चालणार असेल, वार्षिक प्राप्ती मोठी असेल किंवा भरपाईचे कलम असेल, तर फी अवश्य द्यावी. चौथे, फी देताना प्रमाणपत्र मागू नये. कारणांसह लेखी मत मागावे, आणि सल्लागारापुढे करारपत्राबरोबर हजेरीची नोंद, पत्रव्यवहार व देयके ठेवावीत. करासाठी सनदी लेखापाल, हक्क व भरपाईसाठी वकील, असा भेदही करावा. एकाचे काम दुसऱ्याकडून होईलच असे नाही.

पाचवे सूत्र भाषेच्या अभ्यासकांसाठी आहे. सल्लागाराकडे जाण्यापूर्वी करारपत्रातील प्रत्येक वाक्याचा कर्ता कोण, क्रियापद बंधनाचे की शक्यतेचे, आणि वाक्य काही निर्माण करते की केवळ वर्णन करते, हे समासात लिहून काढावे. ह्या कामाला कोणाची सनद लागत नाही. व्याकरणाच्या वर्गात जे पृथक्करण आपण पाठ्यपुस्तकातील वाक्यांवर करतो, तेच येथे आपल्या उपजीविकेच्या वाक्यांवर करावयाचे आहे. एवढे करून गेलेला मनुष्य तासाभराच्या फीत जे मिळवील, ते न वाचता सही करणाऱ्याला पुढे खटल्याच्या खर्चातही मिळणार नाही.